सतराशे नव्व्याण्णवातला नऊ

आमच्या घरात हातोडीचा आवाज थांबला की माझी आई, अव्वा, आतून विचारायची, “काय झालं ओ?” आवाज चालू असताना त्याच्याकडं कुणाचं लक्षच नसायचं. शिवाजी पेठेतल्या एका बोळात आमच्या दोन खोल्या होत्या, आणि पुढच्या खोलीत खिडकीला लागून आप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची, बैठक होती. ते ठसे कोरायचे. कोल्हापुरी साजात सोन्याची जी लहान लहान पानं असतात, मासा, कासव, चंद्र, भुंगा, त्यांचा आकार आधी काशाच्या ठोकळ्यात उलटा आणि खोल कोरलेला असतो. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि मासा अंग वर काढतो. तो ठोकळा म्हणजे ठसा. गुजरीतल्या कितीतरी सोनारांकडचे ठसे आप्पांच्या हातचे होते. साज घालून मिरवणाऱ्या बायकांना सोनाराचं नाव पाठ असायचं, आप्पांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना त्याचं काही वाटत असलंच तर आम्हाला कधी दिसलं नाही. मला मात्र वाटायचं. लग्नाकार्यात एखादीच्या गळ्यातला साज बघून मी मोठ्यानं सांगायची, “ह्यो मासा आमच्या आप्पांनी केलाय,” आणि अव्वा मला चिमटा काढायची.

अव्वा निपाणीकडची. आम्ही लिंगायत, घरात निम्मं कानडी चालायचं. अव्वा लाड मराठीत करायची आणि रागवायची कानडीत, त्यामुळं माझं कानडी चांगलं झालं. तिच्या लेखी बाईची लायकी एकाच गोष्टीवरून ठरत असे, ती म्हणजे तिच्या घरातली तांब्याची भांडी. एखादीकडं पाणी प्यायला गेलो आणि तांब्याच्या तांब्यावर काळपट डाग दिसला की ती घरी येईपर्यंत बोलायची नाही, आणि घरी आल्यावर तेवढंच बोलायची. दर सोमवारी हंडा, घागर, तांब्या, पळी-पंचपात्र सगळं परसात निघायचं आणि चिंचेचा कोळ, थोडं मीठ, चुलीतली राख घेऊन मी ते घासायला बसायची. बोळात पोरं फुटबॉल खेळत असायची, मधूनच बॉल आमच्या दारावर आदळायचा, आप्पांचा हात हलायचा आणि मग आप्पा अशा शिव्या द्यायचे की समोरच्या तालमीतले पैलवान दारात येऊन ऐकायचे. मी हसत हसत घासत असायची. चिंच लागली की काळं तांबं जागच्या जागी गुलाबी होतं, ते बघायला मला मनापासून आवडायचं. आज माझ्या गुडघ्यांना परसात बसणं जमत नाही, आणि सुनेनं सगळी भांडी स्टीलची आणली आहेत, तरी चिंच भिजत घातली की माझे हात अजून काहीतरी शोधतात.

सालोमीबाई एका दुपारी आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मला घाम फुटला. त्यांनी मला शाळेत भूगोल शिकवला होता. त्या निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि मी अकरावी पास होऊन घरी बसले होते, तरी त्या मला नकाशाच भरायला सांगणार असं वाटलं. पांढरी साडी, काळी पर्स, कपाळ मोकळं. त्यांनी पर्समधून रुमालाची घडी काढली, आप्पांच्या चौरंगावर उलगडली आणि त्यात दोन तांब्याची नाणी निघाली. जुन्या रुपयाएवढी मोठी, चॉकलेटच्या रंगाची. दोन्हींवर एक बाई, केस मोकळे सोडलेली, मागं फीत बांधलेली. अमेरिकेतला सेंट हा आपला एक पैसा, त्यांनी सांगितलं, आणि सुरुवातीला तो असा भलामोठा असायचा. दोन्ही नाणी एकाच वर्षाची होती. परदेशातले जाणकार ती दोन वेगळ्या ठशांतली मानतात म्हणे, पण बाईंना काही केल्या फरक दिसत नव्हता, आणि एका सोनारानं त्यांना आमचा पत्ता दिला होता.

आप्पांनी डोळ्याला भिंग लावलं. हातोडी थांबली. आतून अव्वा म्हणाली, “काय झालं ओ?” आप्पांनी नाणं उजेडाकडं वळवलं. तिनं पुन्हा विचारलं आणि मग पिठाच्या हातानं बाहेर आली. आप्पा एक नाणं बघत, खाली ठेवत, दुसरं उचलत, पुन्हा पहिलं. शेवटी म्हणाले, “बाईचं तोंड दोन्हीकडं एकाच मूळ ठशावरनं उतरवलंय. पर ही वरची अक्षरं हातानं एकेक ठोकल्याती. ह्यो दोन फाट्यांचा दांडका बघा, हितं सरळ हाय. ह्या दुसऱ्यात त्येचा हात जरा उचललाय. दोन ठसं हाईत, बाई. माणूस मात्र एकच असावा.” आप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. दोन फाट्यांचा दांडका म्हणजे ‘लिबर्टी’तला शेवटचा वाय. सालोमीबाई, ज्यांच्यापुढं आमचा आख्खा वर्ग ताठ उभा राहायचा, त्या जमिनीवर बसल्या आणि भिंगासाठी हात पुढं केला. त्यांना दिसलं तेव्हा त्या “अगं बाई” एवढंच म्हणाल्या. आप्पांनी विचारलं, “कोण हुता त्यो ठोकणारा?” बाई म्हणाल्या, ठोकणाऱ्या कारागिराचं नाव काही त्यांना सापडलेलं नाही. “आमच्यागतच की,” आप्पा म्हणाले, आणि नाणं खाली ठेवताना त्यांनी ते असं ठेवलं की मला वाटलं ते आता त्याला नमस्कार करतात.

त्यानंतर बाई महिन्यातून एकदा यायला लागल्या. त्यांचे वडील मिशनच्या एका बंगल्यात माळी होते, आणि तिथल्या म्हाताऱ्या मडमेनं मायदेशी जाताना त्यांना बटणांचा एक डबा दिला होता. बटणांच्या तळाशी अशी नऊ नाणी निघाली. लहानपणी सालोमीबाई त्या नाण्यांनी ठिकरीचा खेळ खेळल्या होत्या, हे सांगताना त्यांना अजून लाज वाटायची. पुढं नोकरीत असताना त्यांनी दूरदेशीच्या छंदिष्टांना पत्रं लिहिली, आपल्याकडची तांब्याची जुनी शिवराई नाणी पाठवली, बदल्यात सेंट मिळवले, आणि दर वर्षाचा एक असं करत जवळजवळ सगळी वर्षं जमवली. एका वर्षी तिकडं हे नाणं पाडलंच नव्हतं, त्या वर्षाचा खण त्यांनी पेटीत मोकळा ठेवला होता. मला हे सगळं खुळ्यासारखं वाटायला हवं होतं, कारण मी फार व्यवहारी मुलगी होते. पण आप्पा भिंगातून बघत सांगायला लागले की मी भाजी निवडायचं विसरायची. पाठीवरच्या वेलीतल्या ह्या पानाला त्यानं नंतर एक टोक दिलंय. हितं ठसा तडकलाय, तरी तसाच वापरलाय गड्यानं. हितं त्येचं ध्यान नव्हतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडं, एका माणसाचं एका दुपारी लक्ष नव्हतं, हे पेठेतल्या खिडकीत बसून माझ्या बापाला कळत होतं. माझ्या अंगावर काटा यायचा. मी कितीतरी मोठी माणसं पुढं बघितली, पण तसं थक्क होणं माझ्या वाट्याला फारसं आलं नाही.

मग भाद्रपद संपता संपता बाई सतराशे नव्व्याण्णवचं नाणं घेऊन आल्या. तेवढं एकच वर्ष त्यांच्याकडं नव्हतं. त्या वर्षाची नाणी फार थोडी उरली आहेत, त्यांनी सांगितलं, त्यामुळं लोक आदल्या वर्षाचं नाणं घेतात आणि आठाचा नऊ करतात. “कसा?” आप्पांनी विचारलं. “खालचं वाटोळं एका बाजूनं खरवडून.” आप्पांनी मनातल्या मनात कलम चालवून बघितलं असावं. “धा मिंटाचं काम हाय की,” ते म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की आप्पा घाईघाईनं म्हणाले, “म्हंजे ज्याला करायचं त्येला.” नाणं काळंकुट्ट होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी ते घेतलं होतं, आणि त्यासाठी हातातल्या दोन्ही सोन्याच्या बांगड्या मोडल्या होत्या. आईच्या बांगड्या होत्या त्या. आता हातात काळा पट्टा असलेलं घड्याळ तेवढं होतं. खरं आहे की खोटं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. आप्पांनी खूप वेळ बघितलं आणि मान हलवली. नऊच्या बुडाशी काळा थर इतका जाड बसला होता की तो आकडा ठशातून वर आलाय की कुणी कोरून सोडलाय, ते सांगता येत नव्हतं. “आठ दिस ठेवा. सकाळच्या उन्हात रोज बघतो. डोळा सरावला की दिसंल.” बाई जाताना उंबऱ्यात थांबल्या. “बसाप्पा, त्याला पाणीसुद्धा लावायचं नाही हं. तो रंग म्हणजेच त्याचं वय.” आप्पा म्हणाले, “माझ्या जबाबदारीवर, बाई.” मी त्या वेळी नळावर होते.

पुढं जे झालं ते दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असायची. हातोड्या, कलमं, कानशी आणि घरातले सगळे ठसे परातीत मांडायचे, आणि त्याच्या आदल्या दिवशी ते मी घासून ठेवायचे. अव्वा आत कडाकण्या, देवीच्या नैवेद्याच्या कडक गोड पुऱ्या, तळत होती. तेलात पडल्यावर त्या कशा फुगतात आणि बाहेर काढल्यावर एकमेकींवर कशा वाजतात ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. आप्पा झेंडू आणि ऊस आणायला मंडईत गेले होते. मी एकेक ठसा घासून फडक्यावर उपडा घालत होते आणि ठशांच्या पेटीच्या तळाशी रुमालात गुंडाळलेलं ते नाणं हाताला लागलं. अव्वानं मला आधी सांगितलं होतं, बाईंच्या नाण्याला हात लावू नको. पण आमच्या घरात ‘हात लावू नको’ याचा अर्थ हरवू नको, पाडू नको, कुणाला दाखवू नको असा होता. घासणं म्हणजे हात लावणं असं कुणी धरतच नसे. आणि खरं सांगायचं तर मला नाण्यावरच्या बाईची दया आली. सगळे ठसे लखलखत होते आणि एवढी दुरून आलेली ती बाई तेवढी काळ्या तोंडानं पूजेला बसणार होती. मी चिंचेच्या कोळात बोट बुडवलं.

तिचा गाल आधी वर आला. मग केसांची फीत, मग खांद्यावरचं वस्त्र. मी मीठ घेतलं, आणखी थोडा कोळ घेतला. पाच मिनिटांत ती नव्या घागरीसारखी झाली आणि मला इतका आनंद झाला की मी अव्वाला हाक मारून दाखवलं. अव्वाही बघून म्हणाली, “बग, किती गोड बाई हाय.” मी नाणं परातीत मधोमध ठेवलं.

आप्पा आले, पाय धुतले, झेंडूची पिशवी खुंटीला लावली आणि परातीकडं बघून उभेच राहिले. मला वाटलं, आता कौतुक होणार. ते खाली बसले. “कशानं घासलंस?” “चिंचेनं.” “मीठ?” “हुतं थोडं.” फुटबॉलच्या पोरांना तालीम गोळा होईस्तवर शिव्या देणारा माणूस हळू आवाजात म्हणाला, “शैले, ह्यो रंग चढायला पावणेदोनशे वर्सं लागली हुती गं.” बाईंनी काय बजावलं होतं ते त्यांनी तेव्हा मला सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मला हाणलं असतं तर बरं झालं असतं. आईच्या बांगड्या मोडलेला तो मोकळा हात मला दिसत होता, आणि मी तिथंच भिंतीला टेकून रडायला लागले.

अव्वा झारा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती थोडा वेळ कानडीत देवाशी बोलली आणि मग मराठीत आप्पांना म्हणाली, “आवं, खोटं हाय म्हणून सांगा की. आठाचा नऊ केलाय म्हणावं. खोट्याला घासलं काय आन् न घासलं काय!” हे मला त्या घडीला देववाणीसारखं वाटलं. खरंच की. बाई विचारणार होत्या ते आप्पांनाच, आणि आप्पांच्या शब्दावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. एवढं एक वाक्य म्हटलं की मी सुटणार, आप्पांची जबाबदारी सुटणार, शिव्या बसल्या तर मुंबईच्या व्यापाऱ्याला बसणार. मी डोळे पुसून आप्पांकडं बघितलं. त्यांनी नाणं कडेनं उचललं, खिडकीशी गेले आणि भिंग लावलं. काळा थर आता गेला होता. नऊचं बूड उघडं पडलं होतं. आठ दिवस जे दिसलं नव्हतं ते दिसणार होतं, आणि मी मनात म्हणत होते, खोटं असू दे, खोटं असू दे, खोटं असू दे. आप्पांनी भिंग काढलं, नाणं रुमालात ठेवलं आणि आम्हा दोघींना काही म्हणजे काही सांगितलं नाही. त्या दिवशी कडाकण्या कुणी खाल्ल्या नाहीत.

खंडेनवमीच्या संध्याकाळी बाई आल्या. पूजा झाली होती, परातीत झेंडू होते, आणि नाणं आप्पांच्या चौरंगावर रुमालाखाली. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात ताटली घेऊन उभी होती आणि आप्पांकडं टक लावून बघत होती. मी तिच्या मागं. बाई टेकल्या न टेकल्या तोच आप्पा म्हणाले, “बाई, आदी नऊचं सांगतो. नऊ खरा हाय. आठाचा केलेला न्हाई. ठशातनंच आलाय.” सालोमीबाईंचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या लहान मुलीसारख्या त्या हसल्या, दोन्ही हात गालांवर गेले. तेवढा एक क्षण त्यांना मिळाला. मग आप्पांनी रुमाल बाजूला केला. “आन् माझ्या पोरीनं त्ये चिंचेनं घासलंय. मी पेटीला कुलूप लावाय पायजे हुतं. चूक माझी हाय.”

मला आप्पांचा राग आला. लिहितानाही लाज वाटते, पण आला. इतका की त्यांच्या अंगावर धावून जावं असं वाटलं. बाई त्या गुलाबी नाण्याकडं बघत राहिल्या. बोळात पोरांनी गोल केला, मोठा गिल्ला झाला, तरी त्यांनी मान वर केली नाही. मग त्या म्हणाल्या, “बसाप्पा, खोटं आहे म्हणाला असतात तर मी मानलं असतं. दुसऱ्या कुणाला विचारणार होते मी?”

“म्हणून तर, बाई,” आप्पा म्हणाले.

बाईंनी डोळे पुसले आणि वर्गात हाक मारायच्या त्या आवाजात म्हणाल्या, “शैला, इकडे ये.” आणि आप्पांना, “हिनं पाहिलाय का तो नऊ?” मी पाहिला नव्हता. आप्पांनी भिंग माझ्या हातात दिलं. मला आधी नुसतं पाणीच दिसलं. “डोळं पूस आदी,” आप्पा म्हणाले. मग दिसलं. तांब्याची सपाट जमीन कुठंही न खरडता, न दबता, गोलाईनं वर चढत नऊ झाली होती. आजूबाजूला कलमाचा एक ओरखडा नव्हता. नऊचं शेपूट किंचित खाली घसरलं होतं, ठोकताना त्या माणसाचा हात तेवढा हलला होता. तो हललेला हात मला दिसला. खिडकीत बसून आप्पांना रोज दिसायचा तसा. आणि माझ्या लक्षात आलं की काल आप्पांनी हे बघितलं होतं, हे असं, इतकं स्वच्छ. हे बघून झाल्यावर त्याला खोटं म्हणणं ही त्यांच्या हातची गोष्टच नव्हती. माझ्यासाठीसुद्धा नव्हती. राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी भिंग डोळ्यावरून काढलं आणि माझ्या बापाकडं बघितलं, बनियनमधला, बोटांना काळे घट्टे पडलेला, आणि मला त्यांची भीती वाटावी तसं काहीतरी वाटलं.

बाई काही न खाता गेल्या. मला त्यांनी माफ केलं असं मी म्हणणार नाही. संक्रांतीनंतर त्या पुन्हा यायला लागल्या, आप्पांशी पूर्वीसारख्याच तासन् तास बोलायच्या, मला भिंगातून बघायलाही बोलवायच्या, पण नाणं माझ्या हातात कधी दिलं नाही. कागदावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “बघ.” मी बघायची. पुढं माझं लग्न झालं, मी इचलकरंजीला गेले, आणि थोड्या वर्षांच्या अंतरानं आधी आप्पा गेले, मग बाई गेल्या. त्यांची पेटी त्यांच्या भाच्यानं नेली आणि ती तिकडं कुठं परदेशात विकली गेली, एवढंच माझ्या कानावर आलं. मीही नंतर अशी काही नाणी जमवली, थोडीच, आणि त्यातलं एकही कधी पुसलं नाही. ते नव्व्याण्णवचं आज कुणाकडं आहे मला ठाऊक नाही. ज्याच्याकडं असेल तो त्याचा उडालेला रंग बघून हळहळत असेल, कुणा अडाण्यानं हे घासलं म्हणत असेल, आणि अंगावरचा काळा थर गेला म्हणून कदाचित त्याला आकड्याचीही शंका येत असेल. घासलं ते मी. पण नऊ खरा आहे, ते त्यानं निर्धास्त मानावं. आमच्या आप्पांनी बघितलाय.